लेकरू म्हणतंय, "आई, तू माझ्यासाठी प्रार्थना करू नको"

जालन्याची आई | सोमवार, रात्री ११:४०

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज लिहायलेय. घरात सगळे झोपलेत.

माझा मुलगा १९ वर्षांचा. दोन वर्षांपासून लातूरला नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. पहिल्या वर्षी थोडक्यात राहिला, म्हणून रिपीट केलं. हे दुसरं वर्ष. त्याचे पप्पा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहेत, मी अंगणवाडीत. फीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या, त्याचं मला काही वाटत नाही. सोनं काय, पुन्हा होतं.

दिवाळीपासून तो फोनवर बोलंना झालाय. "जेवलास का?" हां. "अभ्यास?" चालू आहे. "टेस्ट कशी गेली?" ठेवतो आता. नाताळला घरी आला तर कॅरलला पोरं दारात आली तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बसला. हाच मुलगा लहानपणी कंदील धरायला सगळ्यांत पुढं असायचा. देवळात मागच्या बाकावर बसला आणि प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला उठलाच नाही. पाळकसाहेबांनी बघितलं, सगळ्यांनी बघितलं. मी काही बोलले नाही.

मी रोज पहाटे चारला उठून त्याच्यासाठी गुडघ्यावर बसते. दर गुरुवारी उपवास धरते. आमच्या मंडळीच्या भगिनी मंडळात प्रार्थनेसाठी त्याचं नाव दिलंय. फोन ठेवताना मी नेहमी प्रार्थना करते. परवा प्रार्थनेला सुरुवात केली आणि तो म्हणाला, "आई, तू माझ्यासाठी प्रार्थना करू नको." ओरडून नाही, अगदी हळू. मग फोन कट.

दोन दिवस झाले, गुडघ्यावर बसते पण तोंडातून शब्दच निघंना. आईनं लेकरासाठी प्रार्थना करायची नाही तर करायचं काय? कोणाला असा अनुभव असेल तर सांगा. आणि माझ्या वतीनं कोणीतरी प्रार्थना करा, मला जमंना गेलंय.

---

परभणीची सिस्टर | सोमवार, रात्री ११:५८

ताई, सलाम. नाईट ड्यूटीवर आहे, आत्ताच वाचलं. आधी प्रार्थना केली, मग लिहायला घेतलं.

पाच गोष्टी विचारते, राग मानू नका. तो रात्री झोपतो का? जेवण तुटलंय का? अंघोळ, कपडे, दाढी याकडे लक्ष आहे का? "मी नसतो तर बरं झालं असतं", "तुमचा पैसा वाया गेला" असं कधी बोललाय का? आपल्या वस्तू कोणाला देऊन टाकल्यात का?

शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर हो असेल तर उद्याची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, मोफत, २४ तास चालू, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः केला तरी चालतो, मुलानंच करायला पाहिजे असं नाही. १६ वर्षं वॉर्डात काढलीत. पोरगं गप्प झालं की घरचे म्हणतात, शांत झालंय. शांत होणं वेगळं आणि विझत जाणं वेगळं.

आणि ताई, तुम्हाला जमत नाही तोवर तुमच्या वाटची प्रार्थना आम्ही करू. शब्द सुचत नाहीत त्याची लाज बाळगू नका. काय मागावं हेच आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हतो, असं पौलानं रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात लिहिलंय. कण्हणं म्हणजे काय ते आम्हा नर्सेसना चांगलं ठाऊक आहे. त्यात शब्द नसतात, पण खाटेजवळ उभं राहिलं की कुठं दुखतंय ते समजतं.

---

विश्वासात स्थिर | मंगळवार, सकाळी ६:१५

भगिनी, हे सैतानाचं काम आहे हे ओळखा. प्रभुभोजनाला न उठणं ही साधी गोष्ट नाही. घरात पापाचा काही अडथळा आहे का तपासा. २१ दिवसांचा उपवास धरा, त्याच्या खोलीला तेल लावून घ्या. विश्वास पुरा असेल तर उत्तर येतंच. येत नसेल तर कुठंतरी विश्वास कमी पडतोय.

---

अंबडचे गुरुजी | मंगळवार, सकाळी ८:०५

बंधू, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे शब्द मागे घ्या. ही बाई दोन रात्री झोपलेली नाही.

मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप आठवा. पोराला झटके यायचे, कधी विस्तवात पडायचं, कधी पाण्यात. शिष्यांना ते बरं करता आलं नाही. त्या बापानं प्रभूला काय सांगितलं? माझा विश्वास आहे, आणि माझ्यातल्या अविश्वासाला तूच मदत कर. म्हणजे अर्धाच होता, आणि त्यानं तो अर्धाच पुढं केला. पोरगं बरं झालं. प्रभूनं त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवलं नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही तसंच. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. "तुझंच काहीतरी चुकलं असेल" असं बोलायला लागले तिथं बिघडलं.

आता ताईंना. तुम्ही अंगणवाडीत आहात म्हणजे लेकरं कशी असतात ते मी तुम्हाला सांगायचं नाही. पण याईराची गोष्ट आज पुन्हा वाचा, मार्क ५. सभास्थानाचा अधिकारी, मोठा माणूस, पण निरोप पाठवून थांबला नाही, स्वतः उठून गेला. वाटेत उशीर झाला, दुसरीच एक बाई मधे आली. तेवढ्यात घरून माणसं आली, म्हणाली, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देतोस? प्रभूनं याईराला म्हटलं, भिऊ नको. मग रडणाऱ्या सगळ्या गर्दीला बाहेर काढलं. खोलीत फक्त आईबाप आणि तीन शिष्य. मुलीचा हात धरला, उठवलं. आणि शेवटी काय सांगितलं बघा: हिला काहीतरी खायला द्या.

एवढा मोठा चमत्कार झाल्यावर जेवणाची आठवण करून देणारा प्रभू आहे आपला. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, हा भाग किती वेळा वाचला असेल, पण या शेवटच्या ओळीशी मी स्वतःची मुलगी आजारी पडली तेव्हाच थांबलो.

गर्दी बाहेर काढा. भगिनी मंडळात त्याचं नाव आठवड्याला वाचलं जातंय ते काही दिवस थांबवा. प्रार्थना थांबवू नका, नाव वाचणं थांबवा. जालन्यात त्याला ओळखणारी पोरं असतील, ती बातमी लातूरपर्यंत जाते. आणि तुम्ही स्वतः जाऊन या.

---

लातूरच्या मेसवाल्या काकू | मंगळवार, दुपारी ३:२०

ताई मी लातूरला मेस चालवते, १२ वर्षं झाली. आपल्याच मंडळीतली हाय. रोजचे साठ-सत्तर डबे.

डबा परत आला की कळतंय बघा. कोणतं लेकरू जेवायलंय आणि कोणतं नुसतं झाकण उघडून ठेवायलंय. भात उकरलेला, पोळी तशीच. अशी पोरं मला पटकन दिसतेत. पहिल्या पहिल्यांदा मी बी विचारायची, का रे जेवंना? तर ते दुसऱ्या दिवसापासून यायचंच बंद. आता विचारत नाही. वाढताना नुसतं म्हणते, आज वरणात तुझ्यासाठी तूप जास्त टाकलंय. दहातलं एक तरी वर बघतंय. वर बघितलं की मग बोलतंय.

टेस्टचा निकाल लागला की तो कागद लागतो ना भिंतीला, त्या दिवशी माझे पंधरा-वीस डबे परत येतेत. मी त्या दिवशी चपात्या कमीच लाटते. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

तू ये. ये, पण आल्या आल्या मार्क विचारू नको. एक तास विचारू नको. जमलं तर एक दिवस विचारू नको. हितं येणारे आईबाप बस स्टँडवरून रिक्षात बसले की पहिला फोन, "कालची टेस्ट किती आली?" लेकराला तोंड बघायच्या आधी मार्क विचारतेत. माझ्याकडं मुक्काम कर, भाड्याचं काही नाही.

---

मोंढ्याजवळ, नांदेड | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

मी ख्रिस्ती नाही, गुगलवर शोधता शोधता इथं आले. लिहिलं तर चालेल का? माझी मुलगी पण लातूरलाच होती. आमच्याकडं पण नवस, पारायण सगळं झालं. ती एक दिवस म्हणाली, "आई तू देवाला माझं काय सांगितलंस?" मी म्हणाले, डॉक्टर होऊ दे म्हणून. ती म्हणाली, "मग मी नाही झाले तर देव खोटा का मी खोटी?" मला उत्तर आलं नाही. अजून पण आलेलं नाही. ताई, तुमच्या मुलासाठी मी पण हात जोडते.

---

परभणीची सिस्टर | मंगळवार, रात्री ९:३०

नांदेडच्या ताई, चालेल का म्हणून काय विचारता. बसा.

---

एकेकाळचा ड्रॉपर | मंगळवार, रात्री १०:४५

मी संभाजीनगरला फार्मसी शिकतोय. त्याआधी ड्रॉप घेऊन नीटसाठी दोन वर्षं लातूरला काढली. काकू, मी तुमच्याकडं जेवलो नसेन बहुतेक, पण तुमचं वाचून घसा भरून आला.

मावशी, तुमच्या मुलाच्या जागी मी होतो. माझी मम्मी पण फोनवर प्रार्थना करायची. मी फोन उशीवर ठेवून द्यायचो आणि प्रार्थना संपायची वाट बघायचो. देवाचा राग नव्हता. त्या प्रार्थनेत दर वेळी एकच गोष्ट असायची, "प्रभू ह्याला यश दे, आमच्या कष्टाचं फळ दे." ७२० पैकी मला ३५०च्या आसपास पडायचे आणि मला माहीत होतं की देणार नाही. मग वाटायचं की मम्मी आणि देव दोघं मिळून माझी वाट बघायलेत आणि मी येतच नाही. एक चुकलं की चार जातात वर एक कापतात, रात्री झोपेत पण तेच गणित चालायचं.

मला त्या दिवसांत काय पाहिजे होतं ते सांगू? पप्पा एकदा अचानक आले. काही बोलले नाहीत. गंजगोलाईच्या बाजारात फिरलो, उसाचा रस प्यायलो, त्यांनी मला चप्पल घेऊन दिली आणि परत गेले. बस एवढंच. ती चप्पल मी झिजून भोकं पडेपर्यंत वापरली.

---

जालन्याची आई | मंगळवार, रात्री ११:३०

सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

मी पहाटे चारला काय मागत होते ते आठवून बघितलं. "प्रभू, त्याला ६००च्या वर मार्क दे." दोन वर्षं हेच. झोप लागते का, मित्र आहेत का, यातलं कधी काहीच नाही.

परवा पहाटेच्या गाडीनं निघते. धपाट्याचं पीठ दळून ठेवलंय. गुरुजी, वाटेत म्हणता येईल अशी एखादी प्रार्थना लिहून द्याल का? मला माझे शब्द अजून सापडंनात.

---

अंबडचे गुरुजी | बुधवार, पहाटे ५:२०

ताई, ही घ्या. आवडली नाही तर यातलं पाहिजे तेवढं ठेवा. मी माझ्या मुलीच्या वेळी जवळपास असंच काहीतरी म्हणत होतो.

प्रभू येशू, मी माझ्या लेकराकडे निघालेय. माझ्याआधी तू तिथं पोच.
मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत नाही. तुला दिसतं. मला सगळं दाखवू नको, मला पेलेल तेवढं दाखव.
माझ्या मनात भीती आहे. ती त्याच्या खोलीत घेऊन जाऊ देऊ नको. वाटेत गोदावरी लागेल, तिथं ती माझ्याकडून काढून घे.
मी त्याच्यासाठी तुझ्याकडे पुष्कळ मागितलं, त्यातलं किती त्याच्यासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, ते तू वेगळं कर.
तुझी आईसुद्धा तुला तीन दिवस शोधत यरुशलेमेत फिरली होती. तिला जे वाटलं असेल ते तुला माहीत आहे.
मला बोलायला शिकवू नको, आज ऐकायला शिकव.
त्याची भूक जागी कर. त्याची झोप परत दे.
तो तुझा आहे, माझ्याही आधी तो तुझा आहे. आमेन.

आजपासून लेंटचे, ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे दिवस लागताहेत. तुम्ही उपवास धराल हे मला माहीत आहे. उद्या धरू नका, त्याच्याबरोबर जेवा.

---

बेथेलच्या वाटेवर | बुधवार, सकाळी १०:००

गुरुजींची प्रार्थना उतरवून घेतली. "माझ्याही आधी तो तुझा आहे" यावर थोडं लिहावंसं वाटतं, कारण आमच्या घराची गोष्ट जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीपासून सुरू होते.

रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव जालन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं ते जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली, बेथेल वसलं. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच १८४३ साली त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद, वयानं लहान, तोही मिशनकडे गेला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावर मोठं वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणून त्याच्या बाजूनं उभे राहिले.

मी ही गोष्ट लहानपणापासून आपल्या बाजूनं ऐकली. स्वतः बाप झाल्यावर पहिल्यांदा मला त्या घरातला बाप दिसला. दोन मुलं हातातून चाललीत, कोर्टाच्या पायऱ्या चढतोय. आणि आई. तिच्याबद्दल मी कुठं एक ओळही वाचलेली नाही. आज आपण ज्या विश्वासानं उभे आहोत त्याच्या मुळाशी कोणाच्या तरी आईचं रडणं आहे, हे मला विसरावंसं वाटत नाही. लेकरू आपल्या मनासारखं वागत नाही तेव्हा आपण त्या आईच्या जागी उभे असतो, हे लक्षात ठेवलं की मला तरी नम्र व्हायला मदत होते.

मोनिकेचंही असंच. तिचा मुलगा ऑगस्टीन, पुढं मोठा संत झाला तो, तेव्हा भलत्या वाटेला गेलेला, ती वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करायची, समुद्र ओलांडून त्याच्या मागे गेली. एका बिशपकडे जाऊन हट्ट धरला की तुम्ही त्याला समजवा. तो म्हणाला, तू त्याच्याशी बोलण्यापेक्षा देवाशी त्याच्याबद्दल बोल, एवढ्या अश्रूंचं लेकरू वाया जाणार नाही. ३८७ साली ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती वारली. पण ताई, तुम्ही तेवढी वर्षं थांबू नका, तुमची गाडी उद्याच आहे.

---

जालन्याची आई | शनिवार, रात्री १०:१५

मी काकूंच्या घरी बसून लिहायलेय. सगळं सांगते, कारण तुम्ही सगळे वाट बघत असणार.

गुरुवारी साडेसहाच्या एसटीनं निघाले. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडी भरलेली. शहागडला गोदावरीच्या पुलावर गाडी आली तेव्हा गुरुजींचा कागद काढला. मोठ्यानं म्हणता येईना, शेजारी एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "काय वाचायलीस माय?" म्हणाले, पोरासाठी आहे. तिनं काही न बोलता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बीडला उतरेपर्यंत तसाच होता. मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, मग लातूर. पोचेपर्यंत दुपार झाली.

त्याला सांगितलं नव्हतं. दार उघडलं तर तो मला बघून घाबरलाच. "पप्पांना काही झालं का?" पहिला प्रश्न हाच. खोलीत तीन खाटा. त्याच्या खाटेच्या वर भिंतीला कागद, त्यावर मोठ्या अक्षरात ७२०. त्याखाली दर आठवड्याचे आकडे पेननं लिहिलेले, ४१२, ३९८, ३७१, ३४०. शेवटच्या दोन ओळींत आकडाच नव्हता, नुसती रेघ.

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. काकू, तुमची शपथ, आला होता. मी डबा उघडला.

धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. "आई मला भूक नाही." मी म्हणाले, मला आहे, मी सकाळपासून काही खाल्लं नाही, माझ्यासंगं बस. मी खात होते, तो बघत होता. मग त्यानं एक तुकडा मोडला. मग एक धपाटा. मग तीन. खोलीतली दुसरी दोन पोरं दारात आली, त्यांना पण दिले. दहा मिनिटांत डबा रिकामा. तो हात धुवून आला आणि आडवा झाला, मी खाटेच्या कडेला बसले होते तिथं त्याचं डोकं माझ्या मांडीला लागलं, आणि झोपला. तसाच दोन तास झोपला.

त्या दोन तासांत मी त्याचे हात बघितले. नखं सगळी कुरतडलेली, दोन बोटांना रक्त वाळलेलं. आठवीत मी त्याची ही सवय मोडली होती, कडुलिंबाचा पाला चोळून. मी काही मागितलं नाही प्रभूकडं. नुसतं त्याचं बोट धरून बसले.

उठल्यावर बोलला. दिवाळीपासून झोप नाही. पेपर समोर आला की ओळी हलायला लागतात, श्वास अडकतो. आणि मग म्हणाला की एके रात्री गच्चीवर जाऊन बसलो होतो, मग खाली उतरलो. सिस्टर, तुमचा प्रश्न आठवला. मी ओरडले नाही. कशी नाही ओरडले ते मला माहीत नाही. विचारलं, "खाली का उतरलास?" तर म्हणाला, "पहाटेचे चार वाजत आले होते. तू उठली असशील असं वाटलं."

त्यावर मला थोडा वेळ काही सुचलंच नाही.

तिथंच १४४१६ लावला, दोघांनी मिळून. तिकडच्या ताई मराठीत बोलल्या, त्याच्याशी वेगळं, माझ्याशी वेगळं. शुक्रवारी सकाळी सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्यात, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. तो म्हणाला, मी येडा नाही ना? डॉक्टर म्हणाले, तू थकलायस, आणि थकव्याला औषध असतं.

काल संध्याकाळी मी विचारलं, तू का म्हणालास प्रार्थना करू नको म्हणून? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझ्या प्रार्थनेत मी नसतो. माझे मार्क असतात."

"मग काय मागू?"

"झोप माग."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, प्रभू, ह्याला आज रात्री झोप दे. एवढंच. तो म्हणाला, आमेन. नाताळला त्याच्या तोंडून हा शब्द आला नव्हता.

---

परभणीची सिस्टर | शनिवार, रात्री १०:४०

ताई, तुम्ही ओरडला नाहीत, फार मोठं काम केलंत. आता नीट ऐका. त्याला लगेच एकटं सोडू नका, घरी आणता आलं तर आणा. गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, तुम्ही हातानं द्या. पहिले दोन-तीन आठवडे फरक दिसत नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. "गच्चीवर पुन्हा जावंसं वाटतं का?" हे सरळ विचारत जा. विचारल्यानं मनात भरत नाही, उलट मोकळं होतं.

गोळी म्हणजे विश्वास कमी असं कोणी मंडळीत बोललं तर एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगा. झुडपाखाली बसून, आता मरण दे म्हणाला. देवानं त्याला रागावलं नाही. दूत आला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी ठेवलं. खाऊन पुन्हा झोपला, तर झोपू दिलं. पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाची वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी.

---

विश्वासात स्थिर | रविवार, दुपारी १:३०

भगिनी, मी परवा जे लिहिलं त्याबद्दल क्षमा करा. आज देवळात तुमच्या मुलासाठी गुडघ्यावर होतो. माझा एक भाचा होता. त्याच्या वेळी आम्ही तेलच लावत बसलो. यापुढं जास्त लिहवत नाही.

---

अंबडचे गुरुजी | रविवार, दुपारी १:५०

बंधू, तुमच्यासाठीही प्रार्थना करतोय. कधी अंबडकडे येणं झालं तर घरी या.

---

जालन्याची आई | सोमवार, रात्री ९:००

सलाम. मी त्याचा बाप लिहितोय, हिच्या मोबाईलवरून. मला लिहायची सवय नाही.

ड्रॉपर बेटा, तुझं वाचलं. मी दोन वर्षांत एकदा पण लातूरला गेलो नाही. ओव्हरटाइम केला, फीचे पैसे वेळेवर पाठवले, मला वाटलं हेच माझं काम. प्रार्थना हिच्याकडं सोपवली होती. काल मी स्वतः जाऊन दोघांना घेऊन आलो. गाडीत तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, अंबाजोगाईपासून जालन्यापर्यंत. माझा हात बधिर झाला पण हलवला नाही. आज कामावर हात दुखत होता, बरं वाटत होतं.

---

मोंढ्याजवळ, नांदेड | सोमवार, रात्री ९:२५

दादा, तुमचं माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. ते उठून मुलीच्या खोलीत जाऊन बसलेत.

---

जालन्याची आई | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:३०

विचारपूस करणाऱ्या सगळ्यांना सलाम. तो घरीच आहे. रात्री पाच-सहा तास झोपतोय. दुसऱ्यांदा लातूरला दाखवून आलो, डॉक्टरांनी गोळी तीच ठेवलीय. फॉर्म भरलेला आहे, परीक्षा द्यायची की नाही ते त्यानं ठरवलेलं नाही आणि आम्ही विचारत नाही. काही दिवस चांगले जातात, काही दिवशी दुपारपर्यंत उठतच नाही, तेव्हा मला पुन्हा भीती वाटते. चारला मी अजून उठते. आता त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं काही म्हणत नाही. एक-दोनदा तोच उठून पाणी प्यायला आला आणि माझ्याजवळ चटईवर बसून राहिला.

आज वेगळ्याच कामासाठी लिहायलेय. त्याच्या खोलीतली ती दोन पोरं अजून तिथंच आहेत, एक हिंगोलीचा, एक वसमतकडचा. हा काल म्हणाला, "आई, त्यांच्यासाठी धपाटे कर, त्यांच्या घरून कोणी येत नाही." मेथीचे करणार आहे, दोन दिवस टिकतील. या आठवड्यात जालन्याहून लातूरला जाणारं कोणी आहे का? डबा स्टँडवर आणून देईन.

---

लातूरच्या मेसवाल्या काकू | रविवार, संध्याकाळी ६:५०

कंडक्टरजवळ दे. गाडी नंबर मला कळव, मी स्टँडवर उभी राहते. त्या दोघांचे डबे मागच्या सोमवारपासून अर्धे परत यायलेत, मी बघतच होते.